छिन्नी, बेलर आणि खडक: सांगली-साताऱ्यातल्या पायलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, वाई या पट्ट्यात पायलिंगच्या कामावर उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली. पायलिंग म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून त्यात लोखंड आणि काँक्रीटचा खांब, म्हणजे पाईल, ओतायचा आणि इमारतीचा भार त्यावर घ्यायचा. घरमालक, सोसायटीचे सभासद, शाळेच्या समितीतले लोक, कधी नवे साइट इंजिनिअरही मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे. इमारतीचा हिशोब तुमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर करतील. पण भोक जमिनीत पडतं आणि झाकलं जातं, नंतर ते कुणालाच पाहता येत नाही. म्हणून ते उघडं असताना काय बघायचं, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

ठोकून भोक पाडायचं म्हणजे नेमकं काय करतात?

तीन पायांची लोखंडी तिवई उभी करतात. तिच्या शेंड्याला कप्पी, मागे डिझेल इंजिनावरची विंच आणि वायर रोपच्या टोकाला टन-दीड टन वजनाची छिन्नी. विंच छिन्नीला मीटर-दीड मीटर वर उचलते, ऑपरेटर क्लच सोडतो, छिन्नी आपल्या वजनाने खाली आदळते आणि तळाचा दगड चुरते. पुन्हा उचल, पुन्हा सोड. दिवसभर हेच चालतं. विहीर खणताना वापरतात ती यारी ज्याने पाहिली आहे त्याला हे यंत्र ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की यारी गाळ वर काढते, तर इथे वजन खाली टाकायचं असतं.

छिन्नीचा तळ चांदणीच्या आकाराचा असतो. प्रत्येक घावाला ती थोडी फिरली पाहिजे, म्हणजे पुढचा घाव जुन्या खाचेत न बसता नव्या जागी बसतो आणि भोक गोल राहतं. वायर रोपचा पीळ हे काम करतो. भोकाच्या तोंडाशी एक हेल्पर रोपला हात लावून उभा असतो, त्याच्याकडे बघा. छिन्नी मातीत पडली, मुरमात पडली की दगडावर पडली, हे त्याला हाताला जाणवतं. तो "दगड लागलाय बघा" म्हणाला की मी वहीत वेळ आणि खोली लिहून ठेवतो.

चुरा वर काढायची पद्धत दोन प्रकारची आहे. पहिली बेलरची. बेलर म्हणजे तळाला झडप असलेला जाड नळा. तो खाली आपटला की झडप उघडून गाळ आत शिरतो, उचलला की झडप मिटते. मऊ मातीत छिन्नीची गरजच पडत नाही, बेलरची धारदार कडच भोक पाडत जाते. दुसऱ्या पद्धतीत बेंटोनाईट नावाच्या चिकणमातीचं पाणी पंपाने तळाशी सोडतात, ते चुरा घेऊन वर येतं आणि पाटातून टाकीत जातं. साइटवर हिला डीएमसी (डायरेक्ट मड सर्क्युलेशन) म्हणतात. भोकाचा व्यास साधारण ४५० मिमीपासून १ मीटरपर्यंत असतो, पुलाला त्याहून मोठा.

ही युक्ती फार जुनी आहे. चीनच्या सिचुआनमध्ये मिठाच्या पाण्यासाठी बांबूच्या साधनांनी अशाच ठोक्यांनी विहिरी पाडत. तिथली झिगाँगची एक विहीर १८३५ मध्ये हजार मीटरच्या खाली गेली होती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १८५९ मध्ये तेलाची जी प्रसिद्ध विहीर लागली, तीही ठोकूनच.

मग बोअरवेलची गाडी का बोलवत नाही? ती एका रात्रीत शेकडो फूट जाते.

बोअरवेलचं भोक साडेसहा इंचाचं असतं. तिच्या हॅमरला कॉम्प्रेसरची हवा चालवते आणि तीच हवा चुरा वर फेकते. ६०० मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण तेरापट भरतं. तेवढा चुरा हवेने उडवायचा तर कॉम्प्रेसरही तशाच ताकदीचे लागतात. रुंद भोकासाठी अनेक हॅमर एकत्र बांधलेली यंत्रं मिळतात आणि मोठ्या पुलांच्या कामावर ती येतात, पण चार मजली इमारतीच्या प्लॉटवर ती परवडत नाहीत. शिवाय सांगलीच्या मळीत (नदीच्या गाळाच्या मातीत) हवेचा झोत सोडला तर भोकाच्या कडा ढासळतात आणि शेजारची माती सैल होते.

माझ्या बंगल्याला पायलिंग लागेलच का?

बहुतेक वेळा लागत नाही, आणि हे मी मनापासून सांगतो. माण, खटाव, जत या भागांत कितीतरी ठिकाणी फूट-दोन फुटांखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. तिथे साधे फूटिंग (उथळ पाये) पुरेसे होतात. साताऱ्यातही डोंगराच्या उतारावर तसंच. मात्र उतारावर एक कोपरा मुरमावर आणि दुसरा भरावावर असा प्लॉट असेल, तर भरावाच्या बाजूचा विचार वेगळा करावा लागतो.

खरा प्रश्न कृष्णाकाठचा आहे. सांगली शहर, वाळवा-पलूसचा नदीलगतचा पट्टा, कराडच्या संगमाजवळचा भाग इथे काळी माती आणि मळी खोलवर जाते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाईट या चिकणमातीचा हा गुण आहे. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्याच असतील. तशीच भेग घराच्या पायाखालीही पडते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते आणि दरवाजे अडकू लागतात.

एक-दोन मजली घरासाठी यावर स्वस्त उपाय आहे, अंडर-रीम्ड पाईल. रुरकीच्या सीबीआरआय (केंद्रीय इमारत संशोधन) संस्थेने हे तंत्र काळ्या मातीसाठीच रुजवलं. हाताच्या ऑगरने (मोठ्या गिरमिटाने) साडेतीन-चार मीटर बारीक भोक पाडायचं, म्हणजे ऋतूप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली जायचं, आणि तळाशी दांड्याच्या अडीच पट रुंदीचा फुगा कोरायचा. त्याला तिवई लागत नाही, छिन्नीही लागत नाही. पण भूजल वर असेल किंवा माती वाळूची असेल तर हा फुगा टिकत नाही. तिवई लागते ती अशा जागी, किंवा वजन मोठं असेल तेव्हा.

माती तपासणी कितपत करावी? ठेकेदार म्हणतो, शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आहे.

शेजारचा रिपोर्ट शेजाऱ्याचा. आमच्या भागात पन्नास फुटांच्या अंतरात खडक दोन-तीन मीटर वरखाली झालेला मी पाहिला आहे. तुमच्या प्लॉटवर किमान दोन बोअर घ्या, इमारत मोठी असेल तर जास्त. त्यात एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) झालीच पाहिजे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. या आकड्याला एन म्हणतात. खडक लागला की डायमंड बिटने कोर काढायचा.

कोरच्या पेट्या बघायला स्वतः जा. लाकडी पेटीत दगडाच्या कांड्या ओळीने मांडलेल्या असतात. लांब, अखंड, काळसर निळ्या कांड्या असतील तर चांगलं. तुकडे आणि लाल भुकटी असेल तर विचारा, हे किती मीटरवर होतं? आणि बोअर खडकात किती खाली नेला, हेही विचारा. खडक लागल्याबरोबर बोअर थांबवला असेल तर तो रिपोर्ट अर्धवट आहे. कारण पुढच्या उत्तरात आहे.

खडक लागला हे कसं समजायचं?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आपला खडक बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. कोयना परिसरात शास्त्रीय अभ्यासासाठी जे खोल बोअर घेतले, त्यांत या थरांची एकूण जाडी एक किलोमीटरच्या आसपास भरली आणि खाली ग्रॅनाईट लागला. कराडला त्या कामाची सरकारी प्रयोगशाळाही आहे. म्हणजे आपल्याकडे दगडाला तोटा नाही. पण एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधे काळ गेला, त्या काळात वरचा पृष्ठभाग कुजला आणि त्याची लाल माती झाली. वरून पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून मधे दबून राहिली. घाटात रस्त्याच्या कडेला काळ्या दगडांच्या मधे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो ना, तोच हा थर. कोरडा असताना टणक वाटतो, पाणी लागलं की सुटू लागतो. तुमचा पाईल वरच्या काळ्या दगडात मीटरभर जाऊन थांबला आणि त्या दगडाखाली दीड मीटरवर असा लाल थर असला, तर पाईल खडकावर आहे हे म्हणणं अर्धंच खरं.

दुसरी फसगत धोंड्यांची. बेसाल्ट कुजताना कांद्यासारखा पापुद्र्यांनी कुजतो. बाहेरचे पापुद्रे मुरूम होतात आणि मधला गाभा ताज्या दगडाचा गोळा राहतो. छिन्नी अशा गोळ्यावर पडली की आवाज कातळाचाच येतो. फूटभर गेल्यावर ती अचानक ढप्पकन मऊ मुरमात उतरते. कधी तिरकी घसरते आणि भोक वाकतं. म्हणून पहिल्या टणटणीवर थांबायचं नाही.

मग कशावर विश्वास ठेवायचा? तीन गोष्टी एकत्र बघा. एक, बेलरमधून किंवा पाटातून येणारा चुरा. दर अर्ध्या मीटरला मूठभर चुरा धुऊन पिशवीत भरा, वर खोली आणि पाईल नंबर लिहा. ताज्या बेसाल्टचा चुरा काळा-करडा, टोकदार आणि चमकदार असतो. मुरमाचा चुरा पिवळट-तपकिरी असतो आणि बोटाने चिरडतो. दोन, जवळच्या माती तपासणीच्या बोअरमध्ये त्या खोलीला काय होतं. तीन, छिन्नी किती ऊर्जेला किती उतरते.

या तिसऱ्या गोष्टीचा हिशोब साधा आहे आणि तो साइटवरच करता येतो. समजा छिन्नी १.२५ टनाची, उचल १.२ मीटर, अर्ध्या तासात २०० घाव आणि तेवढ्यात भोक ४ सेंटीमीटर उतरलं. वजन, उचल आणि घावांची संख्या यांचा गुणाकार ३०० टन-मीटर. ६०० मिमी व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर. भागाकार केला तर चौरस मीटरला साधारण १०६० टन-मीटर येतात, आणि प्रत्येक सेंटीमीटरला साधारण २६५. याला पाईल पेनिट्रेशन रेशो म्हणतात. किती आकड्याला थांबायचं हे पुस्तकातून उचलू नका. ज्या जागी कोर काढला आहे त्याच्या शेजारी पहिला पाईल घ्या, तिथे कोरशी आकडा जुळवून बघा आणि बाकीच्या पाईलना तो निकष लावा. एक गोष्ट लक्षात असू द्या, चिखलाच्या पाण्यात बुडालेली छिन्नी हलकी होते. बेंटोनाईटचं पाणी १.१ घनतेचं असेल तर लोखंडाचं साधारण सातवा हिस्सा वजन कमी होतं. हिशोब तपासताना ऑपरेटर छिन्नी खरंच पूर्ण उचलतोय का, हेही बघा. संध्याकाळी थकलेल्या हाताने उचल अर्ध्यावर येते.

खडकात किती आत जायचं?

आयएस १४५९३ या भारतीय मानकातलं ढोबळ मार्गदर्शन असं आहे: ताज्या, एकसंध खडकात व्यासाच्या एक ते दोन पट, मध्यम झिजलेल्या खडकात दोन ते तीन पट, मऊ खडकात तीन ते चार पट. तुमच्या इंजिनिअरने ड्रॉइंगवर जे लिहिलं असेल ते अंतिम. ही खोली चांगला खडक सुरू झाल्यापासून मोजायची, मुरमाच्या डोक्यापासून नाही. बिलाचे वाद इथेच होतात.

फिरवून भोक पाडणारं रोटरी मशीन आणलं तर काम लवकर होणार नाही का?

मातीत आणि मुरमात नक्की होईल. हायड्रॉलिक रिग एका दिवसात जेवढं जाते, तेवढ्याला तिवईला आठवडा लागतो. ताज्या बेसाल्टमध्ये मात्र तिचेही दात झिजतात. छिन्नीला त्या दगडात तासाला काही सेंटीमीटरच मिळतात, पण ती थांबत नाही. तिला अरुंद बोळ चालतो, मोठा ट्रेलर लागत नाही आणि बिघडली तर वेल्डर गावातच मिळतो. सांगलीच्या जुन्या पेठांमध्ये रिग वळवायलाच जागा नसते, तिथे तिवईला पर्याय नाही.

छिन्नीची एक गोष्ट रोज मोजा, तिची रुंदी. दगडावर घासून कडा झिजतात आणि ६०० चं भोक नकळत ५७० चं होतं. दर काही दिवसांनी कडांवर वेल्डिंगने भर घालावी लागते. सकाळी टेप लावायला दोन मिनिटं लागतात.

बेंटोनाईट कशासाठी? नुसतं पाणी चालत नाही का?

मुरमात आणि घट्ट काळ्या मातीत काही वेळा चालतं. पण मळीत आणि वाळूत भोकाच्या कडा आत येतात. बेंटोनाईट ही फार फुगणारी चिकणमाती आहे. पाण्यात घोळली की ती भोकाच्या कडेला पातळ थर धरते आणि आतला द्रव कडेला बाहेर दाबून ठेवतो. त्यासाठी भोकातली पातळी भूजलापेक्षा किमान मीटरभर वर असली पाहिजे. रात्री काम थांबलं तरी ती पातळी राखायला माणूस हवा. आयएस २९११ नुसार ताज्या मिश्रणाची घनता १.०३ ते १.१० असावी. साइटवर मार्श कोन नावाचं फनेल आणि घड्याळ एवढ्याने त्याचा घट्टपणा मोजता येतो. वर ड्रमभर फिकट पाणी आणि नावाला दोन पोती, असं काम दिसलं तर तिथेच थांबवा.

काम झाल्यावर हा चिखल गटारात किंवा ओढ्यात सोडू देऊ नका. तो तळाला बसतो आणि पुढच्या पावसात गल्लीत पाणी तुंबतं. खड्ड्यात वाळवून मग उचलायचा.

तळ साफ करणं एवढं महत्त्वाचं का मानतात?

कारण मी एकदा त्याची किंमत पाहिली आहे. मिरजेकडच्या एका इमारतीचं काम होतं. संध्याकाळी भोक १४.२० मीटर भरलं, छिन्नी थांबली, सगळे घरी गेले. सकाळी मी वजन बांधलेली टेप सोडली तर १३.७५. रात्रभरात पंचेचाळीस सेंटीमीटर गाळ बसला होता. त्या दिवशी तो आम्ही काढला. पण आदल्या आठवड्यातल्या दोन पाईलना मी हजर नव्हतो आणि कुणी मोजलंच नव्हतं. पुढे भार चाचणीत त्यातला एक पाईल हव्या त्यापेक्षा कितीतरी जास्त खचला. शेवटी शेजारी आणखी दोन पाईल घ्यावे लागले, कॅप (पाईलच्या डोक्यांवरचा काँक्रीटचा ठोकळा) मोठी करावी लागली, आणि मालकाच्या डोळ्यांकडे बघणं मला जड गेलं. पाईल खडकापर्यंत गेला होता. तो टेकला होता मात्र गाळाच्या गादीवर.

तेव्हापासून मी तीनदा मोजतो: छिन्नी थांबल्यावर, सळयांचा लोखंडी पिंजरा सोडल्यावर आणि काँक्रीट ओतण्याच्या अगदी आधी. पिंजरा उतरताना कडेची माती खरवडून खाली जाते, म्हणून दुसरं आणि तिसरं मोजमाप टाळू नका. टेपच्या टोकाचं वजन स्वच्छ खडकावर पडलं तर टणकन झटका बोटाला येतो. गाळावर पडलं तर ते हळूच बसतं, उचलताना चिकटल्यासारखं वाटतं. मालकांनो, ही टेप एकदा स्वतःच्या हातात घ्या. एकदा फरक कळला की विसरत नाही. गाळ असेल तर ट्रेमी पाईपमधूनच (ज्यातून पुढे काँक्रीट तळाशी सोडतात) ताजं बेंटोनाईट तळाशी सोडून धुवायचं आणि तळाकडच्या द्रवाची घनता १.२५ च्या वर नाही ना ते तपासायचं.

काँक्रीट ओतताना मी काय बघू?

ट्रेमी पाईप तळापर्यंत गेला पाहिजे. काँक्रीट वरून सोडायचं नाही, पाईपने तळाशी पोचवायचं, म्हणजे ते खालून वर चढतं आणि बेंटोनाईटला वर ढकलतं. पाईपचं टोक कायम काँक्रीटमध्ये दोन मीटरभर बुडालेलं असावं. घाईत पाईप जास्त उचलला की टोक बाहेर येतं, मधे चिखलाचा थर सापडतो आणि पाईल तिथे तुटल्यातच जमा. काँक्रीट वाहतं हवं, स्लम्प (वाहतेपणाचं माप) १५० ते १८० मिमी. ताकदीची ग्रेड किमान एम २५, आणि सिमेंट घनमीटरला किमान ४०० किलो, म्हणजे आठ पोती.

आता एक हिशोब घरमालकांसाठी. ६०० मिमी व्यासाच्या आणि १२ मीटर लांबीच्या पाईलला ३.३९ घनमीटर काँक्रीट लागतं. वहीत ४.५ दिसत असेल तर भोक कुठेतरी ढासळून रुंद झालं आहे, ते समजू शकतं. पण ३.१ दिसत असेल तर काळजी करा. याचा अर्थ कुठेतरी भोक आवळलं गेलं आहे किंवा छिन्नी झिजलेली होती. दर हॉपरनंतर (पाईपच्या तोंडावरचं काँक्रीटचं नरसाळं) किती खोलीवर काँक्रीट आलं हे लिहिलं तर कुठल्या खोलीला गडबड झाली तेही सापडतं.

वरचा भाग चिखल मिसळलेला, कमजोर असतो. म्हणून कट-ऑफ लेव्हलच्या (पाईल जिथे संपायचा त्या पातळीच्या) वर ६०० मिमीच्या आसपास जास्त ओततात आणि नंतर फोडून टाकतात. तो फोडलेला तुकडा बघून "एवढं वाया घालवलं" असं वाटून घेऊ नका. ताज्या पाईलच्या शेजारी, व्यासाच्या तिपटीच्या आत, आम्ही चोवीस तास छिन्नी चालवत नाही.

पायलिंग केलं की पुराचं पाणी घरात येणार नाही ना?

येईल. सांगलीत हा प्रश्न मला प्रत्येक पुरानंतर विचारतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी भोगले आहेत. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तर धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी अडवायला जोत्याची उंची लागते. पाईलचं काम वेगळं आहे, भिजून मऊ झालेल्या मातीवर घराने अवलंबून राहू नये एवढंच. जोतं उंच करायला भराव टाकलात तर एक धोका लक्षात घ्या. नवा भराव खालच्या मळीला दाबतो, मळी खाली बसते आणि बसताना पाईलला ओढून नेऊ बघते. हा जादा भार इंजिनिअरने धरला आहे का, ते विचारा. भराव करायचाच असेल तर पायलिंगच्या खूप आधी करा.

काळ्या मातीत आणखी एक काळजी. प्लिंथ (जोत्याचा) बीम थेट मातीवर ओतू नका, खाली मोकळी फट ठेवा. नाहीतर पाईल जागेवर राहतात आणि फुगलेली माती बीमला खालून उचलते.

आमची जमीन क्षारपड आहे. पाईल कुजेल का?

क्षारपड आणि चोपण जमिनीचा प्रश्न कृष्णाकाठी ऊसपट्ट्यात मोठा आहे, आणि तसे कित्येक प्लॉट आता एनए होऊन विकले जातात. उन्हाळ्यात पांढरी पापडी दिसत असेल तर मातीची आणि भूजलाची सल्फेट व क्लोराईडसाठी तपासणी करा. ती फार खर्चीक नसते. सल्फेट काँक्रीटला फुगवून फोडतं, क्लोराईड लोखंडाला गंजवतं. उपाय हाताशी आहेत: फ्लाय अॅश किंवा स्लॅग असलेलं सिमेंट, कमी पाणी, घट्ट काँक्रीट आणि पिंजऱ्याला पुरेसं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. ५० मिमी ही किमान पातळी, अशा जमिनीत ७५ मागा. कव्हरसाठी पिंजऱ्याला गोल ठोकळे बांधलेले असतात, ते मोजून बघा. आणि काँक्रीटसाठी त्याच प्लॉटवरच्या बोअरचं पाणी वापरू देऊ नका.

कोयनेच्या भूकंपाचा विचार यात होतो का?

व्हायलाच हवा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला सुमारे ६.५ रिश्टर तीव्रतेचा धक्का बसला, तो आमच्या आधीची पिढी अजून सांगते. भूकंपात पाईलवर आडवा जोर येतो आणि सगळ्यात जास्त वाक कॅपच्या खाली असतो. म्हणून वरच्या भागात रिंगा जवळ जवळ हव्यात आणि पाईल कॅप एकमेकींना बीमने बांधलेल्या हव्यात. पिंजरा निम्म्यावर थांबवायचा सल्ला कुणी देत असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

पाईल चांगला झाला हे नंतर तपासता येतं का?

येतं. पाईलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टकटक करून आतल्या लहरीचा प्रतिध्वनी मोजतात, ती इंटिग्रिटी टेस्ट. तुटलेला किंवा आवळलेला पाईल तिच्यात बहुधा सापडतो. तळाचा गाळ मात्र तिच्यात नेहमी कळत नाही. त्यासाठी भार चाचणी: रुटीन चाचणीत कामाच्या भाराच्या दीडपट भार देऊन किती खचतो ते मोजायचं. कुठला पाईल तपासायचा हे ठेकेदाराने ठरवू नये, तुम्ही वही बघून ठरवा.

कामगारांच्या सुरक्षेचं काय?

उघडं भोक म्हणजे विहीरच. काम थांबलं की जाड लोखंडी झाकण घातलंच पाहिजे, लहान मुलांच्या वस्तीत तर डोळ्यात तेल घालून. वायर रोपच्या तारा तुटलेल्या दिसल्या की रोप बदलायचा. तुटलेला रोप चाबकासारखा फिरतो. उचललेल्या छिन्नीखाली कुणी हात घालायचा नाही, एका सेकंदासाठीही नाही. आणि काहीही झालं तरी माणूस भोकात उतरवायचा नाही.

हादऱ्यांनी शेजारच्या जुन्या घराला तडे गेले तर?

माती-दगडाच्या भिंतींचे वाडे हादऱ्याला नाजूक असतात. काम सुरू करायच्या आधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या घरातल्या आधीच्या तड्यांचे फोटो काढा, तड्यावर प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी तुटली तर तडा वाढतोय. भिंतीलगतच्या पाईलना उचल कमी ठेवा, वेळ जास्त लागू द्या. रात्री छिन्नी चालवू नका. वाईच्या एका गल्लीत शेजारच्या आजींनी मला सांगितलं होतं, "बाबा, भांडी वाजली तरी चालतील, पण देवघराची भिंत सांभाळ." आम्ही त्या भिंतीकडचा पाईल दीड मीटर सरकवून घेतला, इंजिनिअरने कॅप बदलून दिली.

प्लॉटवर जुनी बुजवलेली विहीर निघाली तर?

आमच्याकडे हे वारंवार होतं. मळ्याचा प्लॉट होतो, विहीर मुरूम आणि राडारोडा टाकून बुजवतात आणि वीस वर्षांनी कुणाला आठवत नाही. छिन्नी तिथे सुरुवातीला भराभर उतरते, बेलरमधून विटांचे तुकडे, काळा सडका गाळ, कधी जुन्या पंपाचा पाईप वर येतो. बेंटोनाईट तर नुसतं गिळलं जातं. असं दिसलं की थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. विहिरीच्या आतून पाईल न्यायचा तर लोखंडी केसिंग (नळा) विहिरीच्या तळाच्याही खाली न्यावं लागतं. पुष्कळदा त्यापेक्षा विहिरीच्या दोन्ही बाजूंना पाईल घेऊन वरून बीम टाकणं सोपं पडतं. आधी कळलं तर सगळंच सोपं. जुना सात-बारा काढा, त्यावर विहिरीची नोंद असू शकते. आणि शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या माणसाला प्लॉटवर घेऊन या, पूर्वी मोट कुठे चालायची ते विचारा. तो बहुतेक वेळा काठीने नेमकी जागा दाखवतो.